मशीनवाली बाई डॉक्टर झाली

प्रिय ताई,

आज सकाळी माझ्या हातून एक माणूस वाचला! फुशारकी वाटेल म्हणून हे वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तुझ्यापुढे कसला संकोच? रंगकाम करणारा तरुण शिडीवरून पडला होता. ओठ निळे पडलेले, श्वास घेता येईना. स्टेथोस्कोप लावला, तर छातीच्या एका बाजूला काहीच ऐकू येईना. फुप्फुसाबाहेर हवा कोंडली होती. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, वाट बघायला वेळ नाही." मी बरगड्यांमधून सुई घातली. फुस्सकन हवा बाहेर आली आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला. जरा सावरल्यावर पठ्ठ्यानं काय विचारावं? "रंगाचा डबा सांडला का हो?" सगळे हसले. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

इंजिनिअर होते तेव्हा याच वॉर्डात मी ऑक्सिजनची मशिनं दुरुस्त करायला यायचे. मशीन सुरू झालं की माझं काम संपायचं. एकदा एका आजारी शिक्षिकेनं माझा हात धरून विचारलं, "बाई, मला नेमकं झालंय तरी काय?" मला मशीनमधला दाब सांगता येत होता, तिच्या छातीतलं काहीच नाही. मशीन शेवटपर्यंत उत्तम चाललं. ती मात्र गेली. त्यानंतर माझं त्या कामात मन रमेना.

मेडिकलला जाते म्हटल्यावर बाबा वैतागले, "एवढं शिकून आता पुन्हा पहिलीत?" वर्गातली पोरं मला 'मावशी' म्हणायची. पहिल्या परीक्षेत दणकून आपटले. तेव्हा तू येऊन राहिलीस, माझ्या लेकीला सांभाळलंस, माझ्याकडून हाडांची नावं घोकून घेतलीस. मी अडखळले की पुस्तक न उघडताच बरोबर नाव सांगायचीस. मी तेव्हाच काय ते ओळखलं होतं.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. तुला मेडिकलला प्रवेश मिळालाय! परीक्षा आमच्यापासून लपवून दिलीस, आणि आता म्हणतेस, "केस पिकायला लागले, लोक हसतील." खुशाल हसू देत. इतकी वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंस, ते कुठे वाया जातंय? आज सुई धरताना माझं इंजिनिअरिंगही माझ्यासोबत होतंच की. म्हणून हे पत्र. सोमवारी रजा टाकून मी येतेय, तुला कॉलेजात सोडायला. भावोजींनी तुझ्या पांढऱ्या कोटाचं कापड शिंप्याकडेसुद्धा टाकलंय. तू फक्त माप द्यायला जा.

तुझीच लाडावलेली,
धाकटी