चार नंबरचं मॅगझिन

प्रिय मार्नी,

रविवारी तुझ्या आईचं बोलून झालं की ती फोन माझ्या हातात देते आणि आपण बापलेक हवेवर बोलतो. तुमच्या मिनियापोलिसला बर्फ किती, आमच्या विस्कॉन्सिनात किती. तेवीस वर्षं आपण हवेवर इतकं बोललोय की एखाद्या वेधशाळेने दोघांनाही नोकरी द्यावी. आज जे सांगायचंय ते फोनवर माझ्या तोंडातून निघणार नाही, म्हणून बंदूकदुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर कागद घेऊन बसलोय. वंगणाचा डाग पडला तर चालवून घे.

गेल्या आठवड्यात वर्ना आली होती, शाळेची बस चालवते ती. तिची सेमी-ऑटोमॅटिक रायफल दर चार-पाच गोळ्यांनी अडते. बोल्ट पुढे जातो पण काडतूस उचलतच नाही, मग चाप ओढला की नुसतं ‘टक’. “विकून टाक ही ब्याद,” ती म्हणाली, “नवरा म्हणतो रायफल ठणठणीत आहे, तुझा हातच बावळट.” मी माझं प्रवचन सुरू केलं, तुला तोंडपाठ असलेलं. काडतुसं भरायच्या प्रत्येक मॅगझिनवर नेलपॉलिशने नंबर घाला. एकेक लावून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळीच अडली तर रायफल तपासा, पण खोडी एकाच नंबरामागे फिरत असेल तर ते मॅगझिन उघडा. आणि माणसाला दोष सगळ्यात शेवटी द्या. मागच्या मैदानात आम्ही तासभर गोळ्या झाडल्या. तीन मॅगझिनं बिनतक्रार चालली, दोन नंबरचं मात्र दर वेळी अडलं. काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा फाकल्या होत्या त्याच्या. वर्ना माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे मी नव्हतेच? इतके दिवस मी नव्हतेच?” पन्नाशीची बाई, डोळे भरून आले तिचे. ती गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि दिवसभर काही काम केलं नाही.

कारण मला तू दिसत होतीस, सतरा वर्षांची. राज्याच्या ज्युनिअर संघाची निवड आपल्याच क्लबच्या मैदानावर होती आणि लाइनवर अधिकारी मी. बसून दहा गोळ्या, साठ सेकंद. पहिल्या मॅगझिनमधल्या दोन, मग बदलून दुसऱ्यातल्या आठ. त्या दुसऱ्यातल्या तिसऱ्या गोळीला तुझी रायफल अडली. तू कशाला हात लावला नाहीस. नियमाप्रमाणे चापावरचं बोट काढलंस, हात वर केलास आणि थांबलीस. खोट रायफलीची किंवा मॅगझिनची निघाली तर दहाच्या दहा पुन्हा झाडायला मिळतात, नेमबाजाची निघाली तर झाडल्या तेवढ्याच धरतात. शेजारच्या लाइनवरचा अधिकारी बर्नेल आला आणि म्हणाला, “ऑर्विल, पोरगी तुझी आहे. मला बघू दे.” मी म्हटलं, “मला माझं काम येतं.” मॅगझिन केसभर खाली उतरलेलं दिसलं. तळव्याने दाबलं, तर खट्‌कन वर बसलं. माझ्या दृष्टीने खटला तिथेच संपला. “नीट बसवलं नव्हतंस,” मी म्हणालो. तू हळूच म्हणालीस, “डॅडी, मी ठोकलं होतं. ओढूनही पाहिलं होतं.” आणि मी सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “इथे मी कुणाचा डॅडी नाही.” तुझ्या गुणांच्या कार्डावर ‘नेमबाजाची चूक’ असं लिहून खाली सही ठोकली. न झाडलेल्या सहा गोळ्यांचं शून्य आणि संघातली जागा, दोन्ही त्या सहीत गेलं.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. घरी येऊन तू रायफल पुसलीस, चारही मॅगझिनं ओळीने माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, “विकून टाका.” शनिवारची ही गोष्ट. मंगळवारी मी त्या मॅगझिनांना हात लावला. स्पर्धेत अडलं ते चार नंबरचं. ते घट्ट बसतं अशी तक्रार तूच केली होतीस आणि स्पर्धेच्या आदल्या बुधवारी मी त्याच्या रायफलीत अडकायच्या खाचेवर कानस फिरवली होती, दोन हात जास्तच. ते खट्‌कन बसायचं, ओढलं तरी निघायचं नाही, दोन गोळ्यांचा धक्का सोसायचं आणि तिसऱ्याला केसभर घसरायचं. तुझ्या रायफलीत तसं, माझ्या रायफलीतही तसंच. खोडी नंबरामागे फिरत होती, पोरी. मला मंगळवारीच कळलं होतं.

निकाल राज्याकडे पुढच्या सोमवारी जाणार होता, म्हणजे वेळ होता. शुक्रवारी क्लबात मासे तळतात तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवून मी गेलो. दारातच बर्नेलने मिठी मारली. “काय छातीचा माणूस आहे! पोटच्या पोरीलाही सोडलं नाही!” लोक उठून हात मिळवायला आले. ‘आपला तो बाब्या’ असं कुणी म्हणू नये या भीतीने मी ते सगळं केलं होतं आणि आता माझी वाहवा चालली होती. मी मूग गिळून गप्प बसलो. मासे खाल्ले, दोनदा घेतले. घरी येऊन चार नंबर स्क्रूंच्या डब्यात तळाशी टाकलं. तेव्हापासून क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती गोष्ट सांगतात. मी खाली मान घालून ऐकतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

तू पुन्हा रायफल उचलली नाहीस, ते मी सोसलं असतं. पण तुझी आई कधीकधी हसत सांगते की, मार्नी गाडीला कुलूप लावते आणि तीनदा परत जाऊन ओढून बघते, दवाखान्यात मोजलेली अवजारं पुन्हा मोजते, स्वतःच्या हातावर तिचा विश्वासच नाही. तेव्हा मी उठून बाहेर जातो. तो अविश्वास तुझ्या हातात मी घातला. मला त्याची लाज वाटते, मार्नी, आणि ती आजची नाही.

या शनिवारी क्लब माझा सत्कार करणार आहे. लाइनवर माझ्या नावाची पाटी लागायची आहे आणि तिच्यावर खाली ओळ असेल, ‘ज्याने स्वतःच्या मुलीलाही सूट दिली नाही’. काल जेवताना मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, “तेवीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस.” आणि उठता उठता, “आधी पोरीला सांग. गावाला नंतर.” म्हणून हे पत्र. शनिवारी मी चार नंबर खिशात घालून जाणार आहे, पाटी लावायच्या आधी सगळ्यांना दाखवणार आहे. पुढे बर्नेल माझ्याशी बोलेल की नाही, देव जाणे. तू ये म्हणायचा मला हक्क नाही. वरातीमागून आलेलं घोडं आहे हे, त्याने तुझा संघ परत येत नाही. सोबत तुझं त्या दिवसाचं कार्ड पाठवतोय, क्लबच्या जुन्या खोक्यातून काढलेलं. ‘नेमबाजाची चूक’ खोडून शेजारी ‘मॅगझिनचा दोष, आणि तो मी केलेला’ असं लिहिलंय, आजची तारीख घालून सही केलीय. एक गोष्ट मात्र कार्डावर मावली नाही आणि शनिवारी ती बोलायचं धाडस होईल की नाही ठाऊक नाही. तू मॅगझिन तळव्याने ठोकलंस आणि मी शिकवल्याप्रमाणे ओढून बघितलंस, तेव्हा मी चार पावलांवर तुझ्या मागेच उभा होतो. मी ते पाहिलं होतं.

तुझाच,
डॅडी