तिसरी ओळ

गेवराई, मंगळवार, संध्याकाळ

दत्ताने आज नजर तपासायच्या तक्त्यावरची तिसरी ओळ घडाघडा वाचली, तेव्हाच मला खटकलं. साखर कारखान्याचा हा ड्रायव्हर. यंदा ऊसच नाही, म्हणून गावोगाव पाण्याचा टँकर नेतो. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोगाने दोन्ही डोळे आतून सुजलेले. पेनिसिलिन दिलं आणि नजर परतेल, असं मी पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून बसले. म्हणूनच का मला सुधारणा दिसत होती?

“लई साफ दिसायलंय, मॅडम. अजून आठ दिवस गाडी चालवायचा दाखला द्या. लोक पाण्याची वाट बघायलेत.”

पण तिसरी ओळ, न अडखळता? थेंब घालून त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तक्ता फिरवून मागची बाजू लावली. तिथली अक्षरं वेगळी. दत्ताने डोळे उघडून तीच जुनी ओळ म्हणून दाखवली.

कुठे शिकला? माझ्याकडेच की! दर खेपेला तो चुकला की मीच अक्षर सांगत होते. सुधारत होतं ते त्याचं पाठांतर.

आज दाखला दिला नाही. पण मागच्या मंगळवारी दिला होता, आणि आठ दिवस त्याने टँकर चालवला. उतारावर पोरं हंडे घेऊन टँकरपुढे धावतात.