सफरचंदाच्या पोटात खिडक्या

अड्यार, चेन्नई
रविवार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी उमाकांतचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नसल्याने दोन अंगं कमी धरावीत). तुमचा खोकला कसा आहे? ताईचा बीपी? इकडे आम्ही ठणठणीत आहोत, पण घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय असा दाट संशय आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

शर्मिष्ठेला मराठी घरातच द्यायची, हा माझा हट्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडची सगळी स्थळं तिने नाकारली, त्यावरून आम्हा बापलेकीत अबोला. अशात पोरीने अचानक स्वतःचा लॅपटॉप मला भेट द्यावा, हे तुम्हाला तरी सरळ वाटतं का? वर चावा घेतलेलं सफरचंद. उष्टं, तेही बापाला! उघडून बघतो तर माझी विंडोज गायब. बँकेतली अख्खी नोकरी ज्या खिडक्यांपुढे काढली, त्यातली एक नाही. बंद करायची फुली उजवीकडे असायची, इथे डावीकडे लाल ठिपका. कंट्रोलचं काम भलतंच बटण करतं (खरा कंट्रोल नुसता नावाला, आमच्या घरातल्या माझ्यासारखा). मी आदळआपट केली तेव्हा बाईसाहेब अबोला सोडून म्हणाल्या, तिच्या गिंडीच्या ऑफिसातला प्राणेश येऊन यातच विंडोज बसवून देईल. एका कंपनीच्या पोटात दुसरीची! म्हणजे डब्यावर लिहायचं साबुदाणा आणि आत भरायची मोहरी. मला तेव्हाच खटकलं.

काल दुपारी प्राणेश आला. वडलांचं नाव नारायणस्वामी, कपाळावर गंध, शर्मिष्ठेशी फाडफाड तमिळ. आता परक्यासमोर मराठीत वाट्टेल ते बोलता येतं, ही चेन्नईतली आमची हक्काची चैन (भाजीवाल्यासमोर, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे, कुठेही). ती मी मनसोक्त केली. सौ. अलकनंदेला म्हणालो, कॉफी पातळच दे, चटक लागली तर रोज येईल. गंध खरं असेल, पण नजर लबाड आहे. लॉकरचा विषय काढू नकोस. पासवर्ड घालताना मी खोकेन, तेव्हा याला खिडकीबाहेर काहीतरी दाखव. शर्मिष्ठा लालबुंद होऊन सारखी खाकरत होती. मी तिला आलं-मध घ्यायला सांगितलं. पोरगा मान खाली घालून बोटं चालवत होता. एवढं कोण निमूटपणे काम करतं हो? माझा संशय आणखीच वाढला.

शेवटी पडद्यावर माझी ओळखीची विंडोज आली आणि पोरगा उठून म्हणाला, "मामा, अस्की झालं. पासवर्ड तुम्हीच घाला, मी तुमच्याकडे पाठ करून बसतों."

दाजी, मराठीत! अस्की म्हणजे सगळं, हेही त्यानेच समजावलं. पूर्वज भोसल्यांबरोबर तंजावरला गेलेले, तेव्हापासून घरात मराठीच. माणसाचं नाव नारायणस्वामी असल्यावर आत मराठी आहे हे मी ओळखायचं कसं? त्याने पातळ कॉफी संपवली, अलकनंदेला वाकून नमस्कार केला आणि गेला. शर्मिष्ठेचे डोळे भरून आले. म्हणाली, बाबा, तुम्हाला हवं तसंच घर मी शोधलं होतं. पोरीचं हाताशी आलेलं घर मी तोंडाच्या वाफेने घालवलं की काय? कालपासून धड जेवण जात नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुमच्या खोकल्याला आराम.

तुमचा,
उमाकांत

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. नारायणस्वामींकडे शब्द टाकायला तुम्ही या. मी कोणत्या तोंडाने जाऊ? मात्र बोलता बोलता एवढं चाचपून बघा, की पोराची ही मराठी मुळातली आहे, की शर्मिष्ठेसाठी हल्लीच बसवून घेतली आहे.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवताना अलकनंदा हसत सुटली. तिची आणि नारायणस्वामींच्या घरची बोलणी कधीच झाली आहेत, माझं कालचं बोलणं ऐकून तिकडे सगळे पोट धरून हसले, आणि तमिळमध्ये सासऱ्यालाही मामाच म्हणतात. खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. पण दाजी, आपल्याकडे माणसाला मामा बनवतात आणि इकडे मामा म्हणतात. माझं एका दुपारी दोन्ही उरकलं.