वैभवबद्दल एक ओळ

सावळढोह,
ता. ९ जानेवारी २०२६

चि. संघपालास प्रेमिलाताईचे अनेक आशीर्वाद. जयभीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही तिकडे मनीषनगरात खुशाल असाल. रोशनीची परीक्षा जवळ आली असंल. तिले म्हणा, बापाचं सगळं घे पण अक्षर घेऊ नको. तुझं मागचं पत्र वाचता वाचता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. फोन लागला का तुझे भाऊजी बाजूले येऊन बसतात, आणि वैभवचं नाव निघालं का उठून गोठ्यात जातात. त्यांच्यासमोर मले बोलताच येत नाही.

राखेच्या केसचा निकाल आता लागणार म्हणून गाव वाट पाहून राहिलं आहे. तू शोभाताई वकिलांच्या ऑफिसात आहेस, म्हणून तुलेच सांगते. वावरातली राख निघंल, विहिरी साफ होतील, ते होवो. मले एकच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी वीज कंपनीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, माझा वैभव तिथंच पंपावर ड्यूटी करता करता गेला, आणि कंपनीनं कोर्टात सांगितलं का ठेकेदाराकडं कामाले असलेला पोरगा पंप चालू ठेवून झोपला, म्हणून तलाव भरून फुटला. तेव्हापासून शेजारची प्रयागबाई माझ्या दारावरून तोंड फिरवून जाते. तिचा नातू आर्यन त्याच राखेत गेला. तिले मी काय म्हणू? पण वैभव झोपणारा पोरगा नव्हता गा. घरात कोणाले ताप आला तरी उशाशी जागत बसे.

जजसाहेबांनी एवढी एक ओळ लिहावी, का वैभवची चूक नव्हती. बस. मी ती प्रयागबाईले नेऊन दाखवीन.

वहिनीले जयभीम. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
प्रेमिलाताई


मनीषनगर, नागपूर,
ता. २३ जानेवारी २०२६

ती. प्रेमिलाताईस संघपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

ताई, आपण जिंकलो. गावात फोन पोचलेच असतील. रामदासपेठेतल्या ऑफिसात संत्राबर्फी वाटली. मीही खाल्ली, आणि मग जिन्यात जाऊन बसलो. तुझ्या पत्राचं उत्तर तोंडानं द्यायची हिंमत झाली नाही. अक्षर जमेल तितकं नीट काढतो आहे.

कंपनी म्हणत होती, चूक ठेकेदाराच्या माणसाची, आमची नाही. कोर्टानं ते साफ फेटाळलं. असली धोक्याची वस्तू जो लोकांच्या वस्तीशेजारी साठवतो, ती सुटून नुकसान झालं तर तोच पूर्ण जबाबदार. चूक कोणाची, मुळात चूक झाली की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही, असं निकालात आहे. राख कंपनीनं उचलायची, नदी आणि विहिरी होत्या तशा करून द्यायच्या, आणि तलाव कायमचा बंद.

पण ताई, प्रश्नच उद्भवत नाही म्हटल्यावर कोर्ट त्यात शिरलंच नाही. पंपावरच्या कामगाराच्या वर्तनात जाण्याची गरज नाही, एवढं एक वाक्य आहे. वैभवचा उल्लेख मृतांमध्ये आहे, बाकी कुठंच नाही.

मी शोभाताईंना विचारलं, तेवढ्यासाठी वरच्या कोर्टात जाता येईल का. त्या म्हणाल्या, जिंकलेला माणूस अपील कशाविरुद्ध करणार? आणि म्हणाल्या, ज्या मुद्द्यावर गाव जिंकलं, त्याच मुद्द्यामुळं तुमच्या भाच्याचं ऐकायचं राहून गेलं.

तुला राग आला तर माझ्यावर काढ, पण पत्र पाठव. भाऊजींना जयभीम. तुझी सावली आमच्यावर राहू दे.

तुझा,
संघपाल


सावळढोह,
ता. २ फेब्रुवारी २०२६

चि. संघपालास अनेक आशीर्वाद. जयभीम.

तुझ्यावर राग कशाचा गा? तू लहानपणीही वाईट बातमी सांगताना आधी खाऊचं सांगत होता.

गावानं बँड लावला, नदीपर्यंत मिरवणूक नेली. आमच्या घरासमोर बँड थांबला आणि चार घरं पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झाला. मान दिला का टाळलं, मले समजलं नाही.

तुझं पत्र घेऊन मी प्रयागबाईकडे गेली. तिनं चटई टाकली, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे तो झोपला नव्हता, असं तं नाही लिहिलं ना वं? मी म्हटलं, नाही लिहिलं. ती रडली, मीही रडली. पण एकमेकीच्या गळ्यात नाही.

घरी येऊन यांनाही वाचून दाखवलं. मले वाटलं उठून जातील. नाही गेले. शेवटपर्यंत ऐकलं आणि चेहरा एकदम मोकळा झाला, जसा वैभव गेल्यापासून मी पाहिला नव्हता. माझा हात धरून म्हणाले, म्हणजे पोरगा झोपला असंल, तरी आता त्याले कोणी बोलू शकत नाही, नाही का वं?

संघपाल, त्या घडीले मले समजलं. इतके दिवस एका घरात, एकाच फोटोसमोर मेणबत्ती लावून आम्ही दोघं रडलो. मी पोराले खरा धरून रडत होती. हे त्याले माफ करून रडत होते.

जिभेवर आलं होतं, का तो झोपला नव्हता. पण तेवढ्यात ते म्हणाले, आज भूक लागली आहे. किती दिवसांनी गा! मी उठली आणि भाकरी टाकली. दोन खाल्ल्या, वर पुन्हा अर्धी मागितली.

हे पत्र वाचून झालं का फाडून टाक. भाऊजींचा फोन आला तं निकाल चांगला लागला, एवढंच म्हण.

रोशनीले पापा. मले विसरू नको.

तुझी,
प्रेमिलाताई