बोटीवर जाण्याआधीची तपासणी

बाबा, आज रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी नव्या लोकांना मानवी भांडवल म्हणजे काय ते समजावून सांगत होते. शिकलेला माणूस तब्येत जपतो, तब्येत चांगली असली की शिक्षण जास्त वर्षं कामी येतं, म्हणून घरानं आणि देशानं दोन्हींकडे बघावं, असं. एका मुलीनं विचारलं, "आणि घराला दोन्हींतलं एकच जमत असेल तर?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

दोन हजार एक साल, माझ्या डिग्रीचं शेवटचं वर्ष. आपण टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि तुम्ही, फिटर म्हणून लागून परीक्षा देत देत इंजिनिअर झालेले, वर्षातले नऊ महिने बोटीवर. तपासणीत तुमचं ब्लड प्रेशर फार वाढलेलं निघालं. "आठवड्यानं या, तेव्हाही असंच असेल तर बोट नाही," डॉक्टर म्हणाले. घरी तुम्ही आईला यातलं काही सांगितलं नाहीत. पोट जड वाटतंय असं तिला सांगून मीठ सोडलंत, आणि प्रेशरच्या गोळ्या दुप्पट घ्यायला लागलात. ते फक्त मला माहीत होतं, कारण रिकामी पाकिटं तुम्ही माझ्याकडेच टाकायला द्यायचात. आठवड्यानंतरच्या त्या सकाळी तुम्ही बाथरूमची चौकट धरून डोळे मिटून उभे होतात.

"बाबा, या वेळी राहू द्या. माझी फी पुढच्या वर्षी भरू, मी एक वर्ष थांबते."

"मीही एकच वर्ष थांबणार होतो कॉलेजला जायचा," तुम्ही डोळे न उघडता म्हणालात. "चल, उशीर होतोय."

आपण एमआरटीच्या गाडीनं नोव्हेनाला दवाखान्यात गेलो. म्हातारे चिनी डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, आकडा बघतात, पुन्हा बघतात. आता ठीक आहे, म्हणतात. चक्कर, डोकेदुखी? "नो, डॉक्टर." मग ते माझ्याकडे वळतात. "डॅडी ॲट होम ओके, आह?"

"ओके लाह, डॉक्टर," मी हसून म्हणाले.

बाहेर पडल्यावर हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवर तुम्ही आठवड्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवलात. पदवीचा फोटो काढलास की एक कॉपी बोटीवर पाठव, म्हणालात. पाच आठवड्यांनी तुम्ही इंजिनरूममध्ये कोसळलात. सगळ्यात जवळचं बंदर दोन दिवसांवर होतं. फोन आईनं घेतला. तिनं रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

मी पास झाले, बाबा, चांगल्या नंबरानं. फोटो मी काढलाच नाही.

आई अजून म्हणते, "त्यांनी आपल्या दोघींना काही कळू दिलं नाही गं." मी हो म्हणते. गेली आठ वर्षं हो म्हणतेय. ती माझे कागद आवरते, म्हणून हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. तुम्ही मात्र एवढं ऐका. डॉक्टरांनी 'फिट'चा शिक्का मारला, तेव्हा मला तुमची काळजी वाटली नव्हती. मला हायसं वाटलं होतं. माझं वर्ष वाचलं, एवढंच मनात आलं होतं.