बाहेरून कडी

मंगळवार, ४ मार्च

विसरलंस ना मला? काल अर्धा तास तुझ्याशी बोलले, घसा कोरडा पडला, आणि आज उघडलं तर पुन्हा पांढरंफटक! सूनबाई म्हणते, "अहो आई, कालचं कालच्या पानावर आहे. आजचं पान नवीन." असेल. पण मला वाचता येत नाही म्हणून फसवायचं मनात असेल, तर सांगून ठेवते — माझं डोकं तुझ्यापेक्षा पक्कं आहे. अक्षरं शिकले नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागलं. तुझ्यासारखं नाही, दिवस उलटला की कोरं!

ही सोय सूनबाईचीच. फोनमधलं खालचं लाल बटण दाबायचं आणि बोलायचं, की ते आपोआप लिहिलं जातं. वर कानाचं चित्र आहे, ते दाबलं की एक बाई वाचून दाखवते. बाई फार शिष्ट. माझे टोमणेसुद्धा बातम्या दिल्यासारखे वाचते. सूनबाईने शपथ घेतलीय की ती इथलं वाचणार नाही. बघू.

तर बातमी अशी — ऑफिस सोडून सूनबाईने घरातच पाळणाघर काढलंय. पुढची मोठी खोली खेळायला, आतली झोपायला. सहा मुलांची जागा आहे. महिना झाला, आलं एकच! समोरच्या शिंपिणीचं, तेही अर्धा दिवस. म्हणून आता वेबसाईट करणार. म्हटलं, "म्हणजे काय?" तर म्हणे, "दुकानाची पाटी असते ना, तशी. फक्त ती लोकांच्या घरात जाऊन लागते."

न विचारता लोकांच्या घरात पाटी! मला आवडलं.

गुरुवार, ६ मार्च

आज फोटो काढले. माझी मांडी फोटोत हवी, पण मांडीवर मूल कुठून आणायचं? शिंपीण म्हणाली, "माझ्या पोराचा फोटो नको बाई, दृष्ट लागते." मग सूनबाईने चादर गुंडाळली, वर टोपडं घातलं आणि दिली माझ्या हातात. "आई, जरा खाली बघा. मायेने!"

चादरीकडे मायेने बघत बसले! चिरंजीव दारातून हसतोय. बस चालवतो, संप असल्यासारखा आज घरी. म्हणाला, "आई, तिला दूध पाज, रडतेय." मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा शहाणी आहे. ओली तरी करत नाही."

हसलो खरं. पण फोटो झाल्यावर चादर लगेच खाली ठेववेना. सूनबाई मागत होती, आणि माझा हात आपला थोपटतोच आहे.

शुक्रवार, ७ मार्च

वेबसाईट झाली! सूनबाईने वाचून दाखवली. फोटो बरे आलेत. खेळण्याची खोली, झोपण्याची खोली, दोन्ही खोल्यांची दारं, न्हाणीघर, आणि मी चादरीसकट.

खाली लिहिलंय: "पंचवीस वर्षांचा अनुभव. आईची माया. सर्वांची लाडकी आजी."

अनुभव खरा आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या घरी लोकांची मुलं सांभाळली. अकरा मुलं! कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागायची ते आजही सांगेन.

आजी मात्र खोटं. मला एकही नातवंड नाही. सूनबाईच्या लग्नाला तीन वर्षं झाली, मी विचारत नाही, विचारू नये. आणि माझी लेक...

लेकीला मी भिंगरी म्हणायची. एका जागी ठरायची नाही म्हणून. पाच वर्षं झाली, फोन नाही की निरोप नाही. लग्न केलं, दुसऱ्या गावी गेली, एवढंच कानावर आलं.

सूनबाईला म्हटलं, "आजी खोडून टाक, खोटी जाहिरात आहे." तर म्हणते, "अहो आई, आजी म्हटलं की लोकांना विश्वास वाटतो. तुम्ही दिसताही तशा."

दिसते! दिसून काय होतं? टोपडं घातलेली चादरसुद्धा बाळ दिसत होती.

रविवार, ९ मार्च

कुणी नाही. फोन मांडीवर घेऊन बसले होते. वाजला, तर चुकीचा नंबर. त्यालाही विचारलं, "मुलंबाळं आहेत का?"

मंगळवार, ११ मार्च

आज तीन चौकशा!

एका बापाने विचारलं, "आजी प्रशिक्षित आहेत का?" सूनबाईने फोन माझ्या हाती दिला. म्हटलं, "प्रशिक्षण कसलं बाबा, आहे मी अंगठेबहाद्दर. पण तुम्ही लहानपणी अंगठा चोखत होता की नाही, ते आवाजावरून सांगते." हसला. शनिवारी बघायला येतोय.

दुसरी बँकेतली बाई, सात महिन्यांची मुलगी. मनापासून बोलली. येते म्हणाली.

तिसरी चौकशी फोनवर नाही, वेबसाईटवरच. तिथे एक रकाना आहे, त्यात प्रश्न लिहायचा. नाव रिकामं. मुलाचं वय — अडीच वर्षं. आणि प्रश्न: "झोपण्याच्या खोलीच्या फोटोत दाराला बाहेरून कडी दिसते. ती कधी लावता?"

सूनबाई म्हणाली, "बघा, किती बारकाईने बघतात लोक! मी तर ती कडी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. लगेच उत्तर दिलं, झक्कास!" आणि वाचून दाखवलं: "मुलांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही सर्व काळजी घेतो."

आत गेले. दाराला टेकून उभी राहिले.

खेळणी, रंग, माझं म्हातारं थोबाड — सगळं सोडून पहिल्यांदा ती कडी बघणारं माणूस जगात एकच आहे.

बुधवार, १२ मार्च

पाना, आज तुला सांगते. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

हे गेले तेव्हा चिरंजीव सात वर्षांचा, भिंगरी अडीच. मला काम मिळालं, एका बाईचं मूल सांभाळायचं, आठ ते दोन. माझं मूल घेऊन जायची परवानगी नव्हती. आमच्या दाराबाहेर लगेच उतरता जिना, खाली रस्ता. म्हणून आतल्या खोलीच्या दाराला मी बाहेरून कडी बसवून घेतली. सकाळी ताटलीत उकडलेला बटाटा ठेवायचा, वर वाटी उपडी घालायची, पाणी ठेवायचं, आणि कडी घालून निघायचं. ती आतून दार वाजवायची. मी म्हणायची, "तुझ्या भल्यासाठी ग, राणी." जिना उतरेपर्यंत ऐकू यायचं. पुढे वळणावर यायचं नाही.

चिरंजीव शाळेतून आला की दोन वाजता कडी काढायचा. हात पुरायचा नाही, पिठाच्या डब्यावर उभा राहायचा.

तीन वर्षं असं.

त्या बाईचं मूल मी गरम भात फुंकून फुंकून भरवायची. इकडे भिंगरीचा पहिला दात बंद दारामागे पडला. घरी आले तर ताटलीत ठेवलेला, बटाट्याच्या सालाशेजारी. म्हणाली, "हरवू नये म्हणून ठेवला."

पाच वर्षांपूर्वी भांडण झालं. मी म्हटलं, एवढं केलं तुमच्यासाठी. ती म्हणाली, "मला तू नाही वाढवलंस. कडीने वाढवलं." आणि माझी ही जीभ! सगळं आयुष्य हिच्यावर हसवून काढलं, तिथेही गप्प बसली नाही. म्हटलं, "मग कडीलाच आई म्हण जा!"

गेली.

आता ती विचारतेय कडी कधी लावता. आणि तिला उत्तर गेलंय — सुरक्षिततेसाठी. म्हणजे माझंच जुनं वाक्य, इस्त्री करून!

आणि वय लिहिलंय अडीच. म्हणजे मी अडीच वर्षांपासून आजी आहे! जाहिरात खरी होती, मलाच कुणी कळवलं नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

सूनबाईला सगळं सांगितलं. बिचारी रडवेली झाली. नणंद तिने फोटोतच पाहिलेली. "अहो आई, मला काय ठाऊक! मी दुसरं उत्तर पाठवते ना, क्षमा मागून."

म्हटलं, "नको. उत्तरं खूप देऊन झाली."

रविवार, १६ मार्च

चिरंजीवाला म्हटलं, आतल्या दाराची कडी काढ. स्क्रू गंजलेले. उभ्या उभ्याच तेल घातलं. आता ती कडी त्याच्या छातीशी येते! माझ्या डोळ्यापुढे पिठाचा डबा.

मी विचारलं, "तुला माहीत होतं? मुलाचं?"

"हो."

"बोलला नाहीस!"

"तिने शपथ घातली होती. वर्षातून एकदा कळवते, बरी आहे म्हणून. तेवढंही बंद झालं असतं." एक स्क्रू निघाला. मग म्हणाला, "वेबसाईटचा पत्ता मीच पाठवला तिला. गेल्या महिन्यात इकडेच बदलून आलेत ते लोक. पुलापलीकडे राहतात."

पुलापलीकडे! त्याची बस रोज दोनदा जाते तिथून.

कडी निघाली. दारावर तिची लांबट फिकट खूण उरलीय. चिरंजीव म्हणाला, "रंग देऊ का वरून?" म्हटलं, "राहू दे. होती ते दिसू दे." कडी हातात घेऊन तो जरा वेळ उभा राहिला. म्हणाला, "आधीच काढायला हवी होती, आई."

रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवार, १७ मार्च

वेबसाईटवर "आमच्याविषयी" म्हणून एक जागा आहे. सूनबाईला म्हटलं, तिथलं सगळं पुस. मी सांगते ते लिही.

"मी अकरा मुलं सांभाळली, सगळी दुसऱ्यांची. माझी मुलगी त्या वेळी या खोलीत एकटी असायची, दाराला बाहेरून कडी. मी तिला म्हणायची तुझ्या भल्यासाठी. ते खरं नव्हतं. दुसरा मार्ग मी शोधलाच नाही, शेजारणीचं दार वाजवायची मला लाज वाटली. आता या घरात बाहेरून लागणारी एकही कडी नाही. कुणाच्याही आईने कधीही यावं, न सांगता यावं, हवं तेवढं बसावं."

सूनबाईची बोटं थांबली. "आई, एक विचारू? हे वाचून कोण आपलं मूल पाठवील? शनिवारी आलेले ते बाबा, बँकेतल्या बाई... पाळणाघर बंद पडेल हो!"

तिचंही बरोबर आहे. ऑफिस सोडून बसलीय पोर. म्हटलं, "मग नको लिहू. घर तुझं, पाटी तुझी."

तरी तिने सगळं लिहिलं, शब्द न् शब्द. मग उठली, आतल्या दाराचा फोटो काढला, कडीच्या खुणेसकट. माझा चादरीबरोबरचा काढून तो तिथे लावला. म्हणाली, "निदान तुमच्या त्या चादरीला तरी सुट्टी द्या!"

माझ्याच वळणावर जातेय.

शुक्रवार, २१ मार्च

बँकेतल्या बाईचा फोन. "फार प्रामाणिक आहात तुम्ही, पण मनाला लागलं ते. आम्ही दुसरीकडे बघतो." सूनबाई "हो हो, काही हरकत नाही" म्हणाली आणि मोरीत जाऊन उगाच भांडी आपटली. घासलेलीच होती.

अंगठा चोखणारा बाप मात्र सोमवारपासून मुलगा आणतोय. म्हणाला, "लपवणारे खूप पाहिले."

रकाना रिकामा.

मंगळवार, २५ मार्च

आज चिरंजीवाच्या बसमधून पूल ओलांडला. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, उतरले नाही, तशीच परत आले. तो म्हणाला, "आई, तिकीट तरी काढ." म्हटलं, "कुठे गेलेय मी!"

पलीकडे गच्च्यांवर कपडे वाळत होते. लहान मुलाची चड्डी दिसली की मान वळायची. किती घरांत असतात रे अडीच वर्षांची मुलं!

गुरुवार, २७ मार्च

सूनबाई धावत आली, पायात चप्पल एकच. रकान्यात आलंय.

"सोमवारपासून पाठवते. पहिले काही दिवस मीही बसेन. डब्यात काय देऊ?" नावाच्या जागी — भिंगरी.

दोनदा वाचून घेतलं. मग म्हटलं, लिही, एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस: मऊ भात पाठव, केळं पाठव, तुझाही डबा आण. उकडलेला बटाटा मात्र पाठवू नकोस. तो मी इथे देईन, दोघांनाही. गरम.