थांबवलेली बारी

आप्पा, अलीकडे दुपारी डोळा लागला की मला तुमचा आवाज ऐकू येतो. शब्द कळत नाहीत. कर्ण्यातून निघालेला, वाऱ्यावर पातळ होत गेलेला तो नाद कांद्याच्या वावरांवरून येतो आणि मी अर्धवट झोपेत ठरवतो की आज कोणत्या तरी गावाची यात्रा असली पाहिजे आणि तुम्ही शर्यतीच्या घाटात माइकवर असला पाहिजेत. मग जाग येते. खिडकीबाहेर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड अँटेना आकाशाकडे तोंड करून स्वस्थ उभ्या असतात. घरात कोणी नसते. तुमची सून गेली, त्याला आता चार महिने झाले.

जुन्नर-आंबेगावात तुम्हाला ओळखत नाही असा गाडामालक नव्हता. बैलगाडा शर्यतीतली प्रत्येक बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, सुटायची ती तुमच्या शब्दावर. तुम्ही गाड्याचे नाव पुकारल्याशिवाय झेंडा खाली पडत नसे. या मानाचा तुम्ही एक विलक्षण उपयोग करीत होता. दोन बाऱ्यांच्या मध्ये, बैल जुपले जात असताना, तुम्ही कोणाची तरी अडचण सांगत असा. कोणाचे छप्पर उडालेले असे, कोणाच्या मुलीला जुन्नरला शिकायला राहण्याची सोय हवी असे. त्या अडचणीला कोणी हात देईपर्यंत पुढची बारी अडून राही. मी तेव्हा कॉलेजात अध्यापक होतो आणि मला हे सारे उघड्यावर मांडलेले दैन्य वाटत असे. तसे मी तुम्हाला एकदा बोलूनही दाखवले होते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभीचा तो चैत्र मला आजही स्वच्छ दिसतो. नारायणगावच्या दवाखान्यात आमची मुलगी जन्मली आणि तुमच्या सुनेचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, पुण्याहून रक्त येण्याची वाट पाहता येणार नाही, माणसे आणा. मी स्कूटर घेऊन आंबेगाव तालुक्यातल्या त्या घाटात पोहोचतो तेव्हा तुम्ही मंडपाच्या सावलीत गूळ-पाणी घेत आहात. भंडाऱ्याने हवा पिवळी झाली आहे आणि त्या पिवळ्या उजेडात सगळी माणसे पाण्याखाली चालल्यासारखी हळू हलत आहेत.

"आप्पा, माइकवर काही बोलू नका," मी म्हणालो. "आपल्या घरातल्या बाईचा विषय इथे नको. ओळखीच्या दोघातिघांना बाजूला घेऊन विचारा."

तुम्ही गूळ-पाण्याचा पेला खाली ठेवला. "दोघातिघांत न्हाई गावला मंजी? नाव न्हाई घेत तिचं. पन मानूस तर मागू दे."

आणि तुम्ही माइक हाती घेतला. "मंडळी, एक लेक बाळंत झालीया आन् तिला रगत लागतंय. गट ओ निगेटिव्ह. ज्याला आपला गट ठावं न्हाई त्यानंबी चला, तिथं तपासत्याल. जीप भरल्याबिगर बारी सुटायची न्हाई."

खालून एक गाडामालक ओरडला, "आप्पा, बैलं जुपून उभी हायेत, राव!"

"उभी ऱ्हाऊ दे. तुझा गाडा न्हाईतरी कवा पयला आलाय? बैलं दम धरतील, लेक धरायची न्हाई."

सगळा घाट हसला, आणि हसता हसताच माणसे जीपकडे धावू लागली. तो ओरडणारा गाडामालकही कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन चढला. अख्ख्या जीपमधून दोघांचे रक्त जुळले: आळे गावचा एक पोक्त शेतकरी, आणि तोच गाडामालक. त्याच्या भंडाऱ्याने माखलेल्या बोटांचे ठसे दवाखान्याच्या चादरीवर उमटले होते. रक्त देऊन तो म्हणाला, "सर, आमची बारी व्हायचीय अजून," आणि निघून गेला. त्याचे नाव मी विचारले नाही.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली. क्षीण आवाजात तिने विचारले, रक्त कोणी दिले? ती पुण्याच्या घरातली, शर्यतींचा तिला तिटकारा होता. पण ते कारण पुरेसे नाही, हे मी जाणतो. मी म्हणालो, "माझ्या विद्यार्थ्यांनी. मी निरोप धाडला होता." तुम्ही तेव्हा दारात उभे होता, हातात शहाळे होते. तिने तुमच्याकडे पाहून म्हटले, "आप्पा, यांच्या एका शब्दावर मुलं धावत आली." सबंध तालुक्याला थोपवणारा तुमचा आवाज त्या वेळी अगदी खाली आला. "हां," तुम्ही म्हणालात, "मास्तरचा वट हाय बाबा." आणि शहाळे ठेवून नातीला पाहायला गेलात.

त्यानंतर दहा वर्षे तुम्ही होता. मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला तिची आई पाहुण्यांना माझ्या त्या विद्यार्थ्यांची गोष्ट सांगे. तुम्ही जेवत असा, मान खाली घालून, आणि आणखी एक पोळी मागत असा. मी दर वर्षी नम्रपणे म्हणे, "त्यात काय विशेष." हे वाक्य मला फार चांगले जमू लागले होते. तुमच्या अंत्ययात्रेला गाडामालकांची इतकी गर्दी झाली की तिने आश्चर्याने विचारले, ही सगळी माणसे आप्पांची कोण? मी म्हणालो, ओळखीची.

या फाल्गुनात, तिच्या शेवटच्या आठवड्यात, तिच्या बोलण्याला सलगता उरली नव्हती. एकदा मात्र ती स्पष्ट म्हणाली, "त्या मुलांना जेवायला बोलवायचं राहिलंच हो." मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "बोलवू." तेव्हा मी सत्य सांगू शकलो असतो. खोलीत तिसरे कोणी नव्हते.

हे पत्र मी फार पूर्वीच लिहू शकलो असतो, आप्पा. पण माझ्या टेबलावरचे कागद रोज तीच आवरून ठेवत असे.